टिंक्चरचा वास

नाक असूनही ज्यांना वास घेता येत नव्हता अशा शहाण्यांनी माझ्या बापाला विषारी दारू पाजणारा ठरवलं, आणि त्याचा राग मला आजही येतो. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा की. का सोडू? राग माझा आहे. मी तो कुणाच्या घरी ठेवायला दिलेला नाही.

आधी बाबांविषयी सांगते. यवतमाळच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ते हेड मिस्त्री होते. सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधणारा मोठा प्रेस त्यांच्या ताब्यात असे. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात बाबा आणि मी एवढीच माणसं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझ्या लग्नाची काळजी आम्हा दोघांपेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त होती.

प्रेस विलायती होता. तो तपासायला दर साली दसऱ्याच्या आधी मुंबईहून एक स्कॉटिश इंजिनियर यायचा. सगळे त्याला नुसतं साहेब म्हणत. इंग्रजांचं राज्य गेलं तरी हा गेला नव्हता. दिवसभर बाबांच्या बरोबरीनं तो यंत्राखाली सरपटायचा, हमालांकडून शिकलेल्या वऱ्हाडी शिव्या द्यायचा, आणि काम आटोपलं की हातपाय धुऊन आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा. बाबांना व्हिस्की चाखायला त्यानं शिकवलं. चाखायला म्हणते आहे मी, प्यायला नाही. यातला फरक ज्यांना कळला नाही त्यांच्यामुळेच तर हे सगळं झालं.

साहेबाची रीत अशी होती. ग्लास छोटा, तोंडाशी निमुळता. त्यात बुडाशी थोडीशी व्हिस्की. लगेच तोंडाला लावायची नाही. ग्लास तिरपा करून फिरवायचा, काचेवरून ती कशी उतरते ते पाहायचं. मग नाक न्यायचं, पण पार आत खुपसायचं नाही, तोंड जरा उघडं ठेवून हळू श्वास घ्यायचा. मग चमचाभर साधं पाणी. पाणी पडलं की वास बदलतो. आधी दडून बसलेलं काहीतरी वर येतं. मग एक घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि गिळल्यावर गप्प बसायचं. गप्प बसणं फार महत्त्वाचं. चवीचा शेवट घशात किती वेळ रेंगाळतो हे कळायला माणसाला तेवढा धीर हवा. त्यानंतर साहेब विचारायचा, "बोल मिस्त्री, कशी आहे?" आणि मग दोघांची चर्चा सुरू. बाबा म्हणायचे, जुन्या लाकडी पेटीचा वास येते. साहेब म्हणायचा, मला सफरचंद लागतं. बाबा म्हणायचे, आमच्या इकडे सफरचंद दवाखान्यात भेटते, मले काय ठाव. दोघं हसायचे. एवढ्याशा व्हिस्कीवर संध्याकाळ निघायची आणि उठताना दोघांचेही पाय जागेवर असायचे.

ग्लास मी धुवायचे. रिकाम्या ग्लासालाही वास असतो, आणि कोरड्या ग्लासाचा वास भरल्या ग्लासाहून निराळा असतो, हे मला तिथे मोरीजवळ बसून कळलं. मी बाबांना तसं सांगितलं तर ते चकित झाले. "तुले नाक आहे बाई," म्हणाले. कौतुक तेवढ्यावर थांबलं. पोरीच्या नाकाचा उपयोग भाजी करपली का ते पाहण्यापुरता, असा काळ तो.

छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि पुढे त्या राज्याची दारूबंदीही आमच्या पदरात पडली. ज्यानं हा कायदा केला त्याला माझं एवढंच विचारणं आहे की भल्या माणसा, तू कधी यवतमाळला आला होतास का? दारू बंद झाली म्हणजे दुकानाची पाटी उतरली. बाकी मोहफुलाची दारू जंगलात निघत होती ती निघतच राहिली, फक्त ती आता पांढरकवड्याच्या बाजूनं कापसाच्या बंड्यांतून, म्हणजे बैलगाड्यांतून, लपून यायची. त्याहून वाईट म्हणजे लोक टिंक्चर पिऊ लागले, फ्रेंच पॉलिश पिऊ लागले. माणसं आंधळी झाली. ज्यांच्याकडे वजन होतं त्यांच्यासाठी परमिट होतं. पण ते मिळवायला सरकारी डॉक्टरपुढे उभं राहून कबूल करावं लागे की मी व्यसनी आहे, दारूवाचून माझी प्रकृती चालत नाही. रविवारी चमचाभर पाणी घालून एक घोट घेणारा माझा बाप सरकारच्या लेखी दारुडा झाला. मी भांडायला निघाले होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना. मनू दे त्यायले काय मनाचं ते. आपल्याले घोटाशी मतलब."

हा बाबांचा स्वभाव. कुणी पाटावरून उठवलं तर जमिनीवर बसतील आणि वर म्हणतील, खाली गार वाटते. माझं सगळं आयुष्य त्यांच्या वाटणीचा राग करण्यात गेलं.

साहेब शेवटचा आला तो निवृत्त होऊन घरी परत जायच्या आधी. येताना त्यानं बाबांसाठी एक बाटली आणली. ही नेहमीची नव्हती. बाजारात मिळते ती व्हिस्की म्हणजे बऱ्याच भट्ट्यांचा माल एकत्र केलेला. ही एकाच भट्टीची, नुसत्या जवाची, त्याच्या देशाच्या पश्चिमेला समुद्रातल्या एका बेटावरची. बाबांना ते ताबडतोब कळलं. "मंजे दहा गावचा कापूस एका गाठीत दाबते तशी ते नाई. हे एकाच वावरातला माल," ते म्हणाले, आणि साहेबानं टेबलावर हात आपटून दाद दिली. त्या बेटावर झाडं कमी. जमिनीतून काळी, कुजलेल्या मुळांची माती कापून काढतात, वाळवतात आणि आपण गोवऱ्या जाळतो तशी जाळतात. मोड आलेले जव त्या धुरावर सुकवतात. तो धूर धान्यात जातो आणि पुढे इतकी वर्षं पिंपात राहूनही व्हिस्कीतून निघत नाही. त्यातच समुद्राचा खारटपणा, आणि तिसरा एक वास. तो तिसरा वास, सरळ सांगायचं तर, दवाखान्याचा. टिंक्चर आयोडीनचा. साहेब म्हणाला, पहिल्यांदा सगळे तोंड वाकडं करतात, पण जो दुसरा घोट घेतो तो मग जन्मभर हीच मागतो. दोघांनी त्या संध्याकाळी तिच्यातला एकेक घोट घेतला.

बाबांनी बाटली परमिटावर रीतसर दाखवली. एक उन्हाळा ती कपाटात उभी राहिली, कारण तिला चांगला सोबती हवा असं त्यांचं म्हणणं. साहेब तर गेला होता. आमच्या मे महिन्यानं बाटलीचं बूच वाळून असं ठिसूळ झालं की उघडताना त्याचा भुगा झाला. बाबांनी दवाखान्यातून औषधाच्या बाटलीचं एक नवं बूच आणलं, उकळून घेतलं आणि बसवलं. हे बूच पुढे आमच्या मुळावर येणार होतं.

सोबती म्हणून बाबांनी वकिलांना बोलावलं. वकील त्यांचे जुने मित्र, परमिटवाले, गावात वजन असलेले. त्यांच्याबरोबर एक कापसाचे अडते आले, तेही परमिटवाले. रविवारची दुपार होती. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाबांनी खुर्च्या मांडल्या. मी पाणी आणून ठेवलं. त्या दोघांनी येताना सोडा, चिवडा आणि लिंबं आणली होती. लिंबं! मला तिथेच कळायला हवं होतं.

बाबांनी ग्लास भरले आणि मोठ्या हौसेनं सांगायला सुरुवात केली की आधी वास घ्या. अडते म्हणाले, "वास कायले घ्याचा मिस्त्री, आपल्याले काय अत्तर लावाचं आहे काय?" आणि नेहमीच्या सवयीनं नाक दाबून सगळा ग्लास एका दमात घशात ओतला. या प्रदेशात दारू पिणाऱ्यांची हीच पद्धत. नाक दाबायचं, डोळे मिटायचे, ओतायची आणि वरून चिवड्याची मूठ. औषध घेतात तसं. वकील जरा सुधारलेले. त्यांनी नाक ग्लासात पार आत खुपसलं आणि झटक्यानं मागे घेतलं.

"मिस्त्री, हे टिंक्चर आहे!"

बाबा हसले. "वकीलसाहेब, तो धूर आहे. थांबा, पानी टाकतो, मंग पाहा."

"धूर कसला? लेबल पाहा ना. असं लेबल पाह्यलं काय कधी? अन् हे बूच तर दवाखान्याचं आहे."

आता यांच्या शहाणपणाचं मूळ सांगते. गावात विलायतीच्या रिकाम्या बाटल्यांना मोठी मागणी असे. त्यांत मोहाची भरून, जळक्या साखरेनं रंग आणून पुन्हा विकत. गावाला ठाऊक असलेली लेबलं दोन-तीन. ती अस्सल, बाकी सगळं नकली. शिवाय टिंक्चर पिऊन माणसं आंधळी झाल्याच्या गोष्टी ताज्या होत्या. अडत्यांनी तेवढ्यात डोळे चोळायला सुरुवात केली. त्यांना म्हणे अंधूक दिसू लागलं. उन्हात बसून चिवड्यातल्या मिरचीचा हात डोळ्याला लावला होता त्या माणसानं! मी स्वतः पाहिलं होतं. पण मला कोण विचारतंय.

दोघं चपला घालून गेले. बाबांनी त्यांचे ग्लास उचलले आणि ते वकिलांच्या न प्यायलेल्या ग्लासाकडे पाहत बसले.

वकिलांनी दुसऱ्या दिवशी कोर्टात चहा पिताना ही गंमत म्हणून सांगितली, असं ते नंतर म्हणाले. गंमत! ती गंमत आठवड्याभरात बाजारातून फिरून आली तोवर बाबा दवाखान्यातून टिंक्चर आणून बाटल्या भरतात आणि प्रतिष्ठितांना विकतात, असं तिचं रूप झालं होतं. मग दारूबंदीचा इन्स्पेक्टर शिपायांना घेऊन आमच्या दारात. पंच म्हणून त्यानं आणलं कुणाला, तर त्याच अडत्यांना. बूच काढून पंचांनी वास घेतला आणि टिंक्चरचा वास येतो असं सांगितलं. वकिलांनीही जबाब दिला. मित्रच ते. "वास आला हे खरं आहे, खोटं कसं सांगू?" म्हणाले. सत्यवादी हरिश्चंद्र! वास आला हे खरंच होतं. पण त्यापुढे बाबांनी धुराचं सांगितलं होतं, साहेबाचं सांगितलं होतं, तेही तितकंच खरं होतं. ते सांगायला त्यांच्या जिभेला काय झालं होतं?

बाटलीला लाख लावून ती तपासणीला गेली. तपासणाऱ्यानं इमानदारीनं लिहिलं की फिनेलच्या जातीचा वास येतो, पिण्याला योग्य वाटत नाही. त्या बिचाऱ्यावर मी रागावत नाही. त्यानं मोहाची, ताडीची, स्पिरिटची नमुन्याची शिशी पाहिली असेल. समुद्रापलीकडच्या बेटावरची माती जाळून केलेली वस्तू त्याच्या टेबलावर कधी आली होती? पण माहीत नाही असं लिहायला सरकारी कागदावर जागा नसते.

परमिट रद्द झालं. कारखान्याच्या मालकांनी बाबांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं की मिस्त्री, हे मिटेस्तोवर घरी आराम करा. दिवाळी झाली. कापसाच्या बंड्या रस्त्यानं रांगेनं जाऊ लागल्या, जिनाचा भोंगा वाजू लागला, आणि ज्या माणसानं तो प्रेस हातानं उघडून पुन्हा जोडला होता तो घरात बसून माझी शिवणाची मशीन साफ करत होता. शाळेत मुली माझ्यामागे कुजबुजत. एकीनं भाबडेपणानं विचारलं, "बाई, तुमचे बाबा खरंच लोकायले आंधळं करते काय?" मी वर्गातून बाहेर गेले आणि हौदावर तोंड धुतलं.

मी बाबांना ओढत इन्स्पेक्टरच्या कचेरीत नेलं. बाबांनी तिथे शांतपणे साधी गोष्ट सांगितली. "साहेब, बाटली आना. मी तुमच्यासमोर पेतो. इख असन तर इथंच पडन मी."

इन्स्पेक्टर म्हणाला, "तुम्हाला पिता येणार नाही. तुमचं परमिट रद्द आहे. प्यालात तर दुसरा गुन्हा."

"परमिट काहून रद्द केलं?" मी विचारलं.

"बाटलीत टिंक्चर आहे म्हणून."

"टिंक्चर नाई हे कसं सिद्ध कराचं मंग?"

"ते तुम्ही पाहा."

मी टेबलावर हात आपटला. शाळेतली बाई, सभ्य घरातली पोरगी, आणि टेबलावर हात आपटते म्हणून शिपाई धावत आला. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. रस्ताभर मी बोलत होते. कोपऱ्यावर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्या मानसानं साधा वास तरी घेतला पायजे होता."

सुटका झाली तीही अशी की राग दुप्पट व्हावा. हंगाम संपत आला असताना याच खात्याचा एक मोठा अधिकारी दौऱ्यावर आला आणि विश्रामगृहात उतरला. पडून राहिलेली प्रकरणं त्याच्यापुढे ठेवली, त्यात आमची बाटली. हा विलायतेत शिकलेला. त्यानं बूच काढलं, वास घेतला आणि मोठ्यानं हसला म्हणतात. अरे, हे टिंक्चर कसलं, ही तर उत्तम व्हिस्की आहे, एकाच भट्टीची, असली वस्तू यवतमाळात आली कशी? झालं. जे बाबा महिनोन् महिने सांगत होते तेच एका सुटाबुटातल्या नाकानं सांगितलं आणि चुटकीसरशी खरं ठरलं. प्रकरण बंद. परमिट परत. मालकांनी गाडी पाठवली. बाटलीही परत आली, फक्त तिच्यात बुडाशी दोन बोटं उरली होती. बाकीची तपासणीत गेली असं शिपायानं सांगितलं. कसली तपासणी ते त्याला विचारायची गरज नव्हती, तोच सोडा आणायला गेला होता.

माफी कुणी मागितली नाही. इन्स्पेक्टरनं नाही, अडत्यांनी नाही. बाबा सकाळी कामावर गेले, रुमालाला हात पुसत परत आले, जेवले. मला वाटलं, हेही यांनी गिळलं.

मग एका रविवारी वकील आले. सरळ येऊन कडुनिंबाखाली बसले, जसं काही मधले महिने झालेच नव्हते.

"मिस्त्री, झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "ते दौऱ्यावरचे मोठे साहेब लय तारीफ करत होते म्हणे. आता काढा ते बाटली. या बारीनं नीट चाखतो, तुमी म्हणान तशी."

मी चुलीपाशी होते. हातातली पळी तशीच घेऊन मी दारात आले, कारण आज मी बोलणार होते आणि सगळं बोलणार होते. पण बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ते आत गेले, बाटली आणली आणि एकच ग्लास आणला. होती नव्हती ती त्यात ओतली. चमचाभर पाणी घातलं. ग्लास तिरपा करून फिरवला. वकिलांनी हात पुढे केला.

बाबांनी ग्लास माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाले. "अन् सांग कशी आहे ते."

वकील खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, काय करून राह्यले मिस्त्री! पोरीजवळ परमिट आहे काय? गुन्हा होते हा! तुमाले आताच सोडलं ना त्यायनं?"

"होते ना गुन्हा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो चढला तो कारखान्यात प्रेस चालू असतानाही ऐकू जाईल इतका. "साक्षीदार तर तुमी आहातच. पाह्यलं ना डोळ्यानं? जा अन् सांगा. मागच्या बारीनं अर्धं सांगतलं, या बारीनं पुरं सांगा. मिस्त्रीनं आपल्या पोरीले दारू पाजली, वकिलाले नाई पाजली. कायले नाई पाजली, तेबी सांगा."

मी पळी खाली ठेवली. ग्लास घेतला, तोंड जरा उघडं ठेवून वास घेतला, घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प राहिले. वकील उभे होते. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, साहेबाकडे पाहायचे तसे. आधी धूर आला, ओल्या गोवरीचा, मग मीठ, मग अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटल्यावर, घशाच्या तळाशी गोड काहीतरी.

"मागून गूळ लागते," मी म्हणाले.

"होय ना?" बाबा म्हणाले. "मले बी गूळच लागते. साहेब मने सफरचंद."

वकील निघून गेले. बाबांनी त्यांची खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बस. अजून एक घोट उरला आहे."